गाणं मध्येच बंद करणारा हात

*‘आम्ही सहा-सात जण गेली बावीस वर्षं दर शनिवारी संध्याकाळी माझ्या नौपाड्यातल्या घरी गाणी ऐकायला जमतो. प्रत्येकाने आपल्या आवडीचं एकेक गाणं लावायचं, मग चहा-भजी, मग वाद. वाद हा तर आमच्या बैठकीचा प्राण. लता की आशा, रफी की किशोर, बाबूजींचा (सुधीर फडक्यांचा) गळा मोठा की त्यांची चाल, सगळ्यांवर भांडून झालंय. गेल्या महिन्यात आमच्यातल्या एकाने (वय ६६, बँकेतून निवृत्त, हल्ली कासारवडवलीला राहतो) ‘सैराट’मधलं ‘याड लागलं’ लावलं. असलं कॉम्प्युटरवर जुळवलेलं संगीत मला सोसत नाही. मिनिटभर ऐकलं आणि मी उठून बंद केलं. म्हटलं, हे वरातीत लाव, इथे नको. तो म्हणाला, तुमची भावगीतं म्हणजे तीन मिनिटांची रडगाणी. मी म्हटलं, तुला गाण्यातलं काय कळतं? चहा न घेता तो निघून गेला. त्यानंतर तीन शनिवार आलेला नाही. बाकीचे म्हणतात, सरळ नियम करू, १९८० नंतरचं गाणं लावायचंच नाही, म्हणजे कटकट नको. मला सांगा, चांगल्या-वाईटातला फरक सांगणं हा गुन्हा आहे का? आणि हा नियम करावा का?*

*ता. क. त्याची एक एलपी चार वर्षांपासून माझ्याकडे आहे. कुरिअरने पाठवून देऊ का?’*

*– एक कानसेन, ठाणे*

कानसेन महाशय,

पत्र दोनदा वाचलं. पहिल्या वाचनात मी तुमच्या बाजूने होते. आमच्या सोसायटीत गणपतीत आणि नवरात्रात जे काय कानांवर कोसळतं, ते सोसणारीला तुमचं दुखणं वेगळं समजावून सांगायला नको. दुसऱ्या वाचनात मात्र चार शब्दांपाशी अडखळले आणि तिथून पुढे जाववेना. ‘मी उठून बंद केलं.’

फरक सांगणं हा गुन्हा आहे का, असं विचारता. मुळीच नाही. पण तुम्ही फरक सांगितलात कुठे? त्यासाठी आधी गाणं ऐकावं लागतं. पाचेक मिनिटांच्या गाण्यातलं तुम्ही एक मिनिट ऐकलंत. तेवढ्यात मुखडासुद्धा धड कानात मुरत नाही.

आता जरा घोडबंदर रोडवर चला. शनिवारची संध्याकाळ. तुमची बैठक सहाची असेल तर कासारवडवलीच्या माणसाला साडेचारला घर सोडायला हवं. टीएमटीच्या बसमध्ये उभं राहायचं, मेट्रोच्या खांबांमधून मुंगीच्या पावलांनी सरकायचं, माजिवड्याला हमखास खोळंबायचं. सहासष्टाव्या वर्षी माणूस हे भज्यांसाठी करत नाही, तुमच्या घरची भजी कितीही कुरकुरीत असोत. आपल्या पाळीला काय लावायचं हे त्याने आठवडाभर मनात घोळवलेलं असतं. पाळी येते, गाणं सुरू होतं, खोलीत सगळे गप्प असतात, आणि यजमान उठून यंत्राकडे जातात. आवाज वाढवायला उठलेत असंच त्याला क्षणभर वाटलं असेल.

तुम्ही गाण्याला नावं ठेवलीत म्हणून तो गेला, हे काही मला पटत नाही. बावीस वर्षं तुम्ही एकमेकांच्या गाण्यांना नावंच तर ठेवत आलात, आणि दर शनिवारी सगळे परत जमत आलात. या बावीस वर्षांत आणखी कुणाचं गाणं असं मध्येच बंद झालंय का, ते आठवून बघा. मला वाटतं, झालेलं नाही. आणि तसं असेल तर त्या दिवशी खोलीतल्या सगळ्यांनाच, त्यालाही, कळलं की हे घर तुमचं आहे, यंत्र तुमचं आहे आणि म्हणून शेवटचा शब्दही तुमचाच आहे. एरवी मैत्रीत ही गोष्ट झाकलेली असते, तशीच ती राहू द्यायची असते.

हे झालं माणसाचं. आता गाण्याकडे येते, कारण तिथेही तुम्ही दोघंही चुकलात आणि ते सांगितल्याशिवाय मला चैन पडायचं नाही.

‘कॉम्प्युटरवर जुळवलेलं’ हा शेरा तुम्ही नेमका चुकीच्या सिनेमावर मारलात. २०१६ साली आलेल्या ‘सैराट’च्या संगीतासाठी अजय-अतुल लॉस एंजेलिसला गेले आणि तिथल्या स्टुडिओत हाडामांसाचे वादक बसवून सिंफनी ऑर्केस्ट्रा ध्वनिमुद्रित करून आणला. व्हायोलिनवर गज ओढणारी माणसं होती ती. आणि वरातीत वाजतं ते ‘झिंगाट’, त्याच सिनेमातलं, पण वेगळं गाणं. तुम्ही वरातीचा राग दुसऱ्याच गाण्यावर काढलात. गावाकडच्या बोलीतले शब्द आणि मागे पाश्चात्त्य वाद्यमेळाचा एवढा मोठा पडदा, ही जोडी जुळते की शब्द त्याखाली दबतात, यावर तुम्हाला तासभर भांडता आलं असतं. मला विचाराल तर काही ठिकाणी जुळते, काही ठिकाणी मेळ फारच भरजरी होतो. पण हे म्हणायला मला गाणं शेवटपर्यंत ऐकावं लागलं.

तुमच्या मित्राचा टोमणाही तसाच अर्धवट. तीन मिनिटांची रडगाणी! रडगाणी की नाही ते बाजूला ठेवू, पण तीन मिनिटं का, हे त्याने कधी मनात आणलंय का? ती गाणी ज्या तबकड्यांवर निघाली त्या मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या. दहा इंची तबकडीच्या एका बाजूला साधारण सव्वातीन मिनिटं मावायची. त्यापुढे खोबणच संपायची, सुई लेबलाला जाऊन भिडायची. म्हणजे सुरुवातीचा वाद्यांचा तुकडा, ध्रुवपद, दोन-तीन अंतरे, मधले तुकडे, पुन्हा ध्रुवपद, हे सारं त्या सव्वातीन मिनिटांच्या डब्यात भरायचं. अब्दुल करीम खाँसाहेबांनी अख्खे राग त्याच डब्यात भरून ठेवले आणि आजही झाकण उघडलं की घमघमाट सुटतो. भावगीतवाल्यांनी त्या अडचणीतूनच आपली शिस्त काढली. दोन अंतऱ्यांच्या मधल्या पाच-सात सेकंदांत सतार किंवा बासरी काय बोलून जाते, ते ऐकलं की वाटतं, हात आखडता घ्यावा तर असा.

तुमच्या ठाण्याचंच उदाहरण घ्या. पी. सावळाराम ठाण्याचे, इथल्या नगरपालिकेचे अध्यक्षही होते. महापालिका आजही त्यांच्या नावाने पुरस्कार देते. त्यांचे शब्द, वसंत प्रभूंची चाल आणि लताबाईंचा आवाज, या तिघांनी सासरी निघालेली लेक, दारात उभी आई, हे सगळं तीन-सव्वातीन मिनिटांत बसवलं आणि त्या काळच्या घराघरांत बायकांनी पदर डोळ्यांना लावले. तेव्हा रडगाणी म्हटल्याने त्या गाण्यांचं काही बिघडत नाही. त्यांचं कामच रडवण्याचं होतं आणि ते त्यांनी वेळेत केलं.

म्हणजे बघा, एकाला यंत्राने तीनच मिनिटं दिली, दुसऱ्याला यंत्राने पाच मिनिटं आणि साता समुद्रापलीकडचे वादक दिले. मिळालेल्या जागेत कोणी काय मांडलं, हा वाद घालायला लायक विषय आहे. तुम्ही दोघांनी तो हातात येऊनही सोडलात आणि ‘तुला काय कळतं’वर उतरलात.

या ‘काय कळतं’वरून माझं एक सांगते. कॉलेजात असताना मला कुमार गंधर्वांचं गाणं अजिबात आवडायचं नाही. तुटक वाटायचं. सूर लागतोय असं वाटावं आणि तो मध्येच तोडून टाकावा, हे कसलं गाणं, असं मी मोठ्या तोऱ्यात म्हणायची. वाशीला आमचे एक मामा राहायचे, कुमारांचे निस्सीम भक्त. माझी बडबड ऐकून तेही म्हणू शकले असते, तुला गाण्यातलं काय कळतं, आणि ते खरंही होतं. पण त्यांनी कॅसेट लावली, एका जागेशी थांबवली, मागे घेतली, पुन्हा लावली. तीच आठ-दहा सेकंदं चारदा. चौथ्यांदा टेप किरकिरली. मग म्हणाले, ‘सूर तुटतो ते सोड. तुटल्यावर खोलीत काय उरतं ते ऐक.’ कुमारांना तरुणपणी क्षय झाला होता, त्यात एक फुप्फुस जवळजवळ निकामी झालं होतं, काही वर्षं गाणं बंद होतं, हे त्यांनी मला नंतर, जेवताना सांगितलं. आधी सांगितलं असतं तर मी दयेपोटी ऐकलं असतं. त्यांना ते नको होतं.

त्या दिवशी मला कुमार आवडायला लागले का? नाही. सात-आठ वर्षं लागली. पण त्यानंतर मी ‘तुटक’ हा शब्द वापरला नाही.

मामांचा वाद आणि तुमचा वाद यांतला फरक एवढाच की मामांनी बोट गाण्यातल्या जागेवर ठेवलं आणि तुम्ही मित्रावर. ‘तुला काय कळतं’ला उत्तरच नसतं. समोरच्याने काय करावं, प्रमाणपत्र काढून दाखवावं? ‘दुसऱ्या अंतऱ्यानंतर ते व्हायोलिन मला डोईजड वाटतं’ याला मात्र उत्तर असतं, आणि ते ऐकायला पुढच्या शनिवारी यावंसंही वाटतं.

एक गोष्ट अशीही समजू नका की मी तुम्हाला गुडीगुडी वागायला सांगतेय. ‘ज्याची त्याची आवड’ म्हणून विषय मिटवणारी माणसं मला फार सभ्य वाटत नाहीत, आळशी वाटतात. दुसऱ्याच्या आवडीशी भांडणं म्हणजे निदान ती मनावर घेणं. आपल्याकडे बालगंधर्वांचे भक्त आणि केशवराव भोसल्यांचे भक्त एकमेकांचे कान ओढायला कमी करत नसत, आणि १९२१ साली टिळक स्वराज्य फंडासाठी हे दोघे गायकनट एकाच रंगमंचावर ‘मानापमान’ नाटकात उभे राहिले. तुमच्या बैठकीने भांडत राहावं, असंच माझं मत आहे.

म्हणून तो १९८०चा नियम करू नका.

त्या सालाकडे जरा निरखून बघा. ८० का? ७५ का नाही, ९० का नाही? तुमचे मित्र ६६ वर्षांचे, तुम्ही बाकीचे त्याच्याच आसपासचे असाल. म्हणजे १९८० साली तुम्ही सगळे विशीत होतात. मॉरिस हॉलब्रुक आणि रॉबर्ट शिंडलर या अमेरिकी अभ्यासकांनी १९८९ साली एक पाहणी प्रसिद्ध केली होती. वेगवेगळ्या वयाच्या लोकांना वेगवेगळ्या काळातली गाणी ऐकवून त्यांनी आवड मोजली. माणूस साधारण २३-२४ वर्षांचा असताना जी गाणी चलतीत असतात ती त्याला सर्वांत जास्त आवडतात, असं त्यात निघालं. थोडक्यात, तुमच्या नियमातलं साल संगीताच्या इतिहासातून आलेलं नाही, तुमच्या जन्मदाखल्यांवरून आलंय. सावळारामांची गाणी तर तुमच्या आधीच्या पिढीची, ती तुम्हाला आईच्या रेडिओमुळे मिळाली. म्हणजे लहानपणी कुणीतरी आपल्या आवडीचं तुमच्या कानांवर घातलं म्हणून.

आणि हे लक्षात घेतलं की तुमच्या मित्राचं मला कौतुकच वाटतं. साठीच्या उंबरठ्यावर असताना आलेलं गाणं त्याच्या काळजात शिरलं! आपल्यातल्या बहुतेकांचे कान तिशी-पस्तिशीतच दार लावून घेतात. त्याचं दार अजून उघडं आहे. ते कसं काय, हे तुम्ही विचारलंत का? पत्रात तरी दिसत नाही. मला थोडी शंका आहे, आणि रागावू नका, की तुम्हाला त्याचा किंचित हेवा वाटला असावा.

नियमाचं पुढे काय होतं, त्याचाही दाखला आपल्याच माणसाचा आहे. बाळकृष्ण केसकर १९५२ साली केंद्रात नभोवाणीमंत्री झाले. स्वतः शास्त्रीय संगीताचे जाणकार, हेतू चांगला, देशाचे कान घडवावेत असा. त्यांच्या काळात आकाशवाणीवरची सिनेमाची गाणी आटली. लोकांनी काय केलं? रेडिओची खुंटी फिरवून श्रीलंकेचं रेडिओ सिलोन लावलं. त्याच वर्षी तिथे अमीन सायानींची बिनाका गीतमाला सुरू झाली आणि बुधवारी संध्याकाळी अख्खा देश तिकडे कान लावून बसायला लागला. शेवटी १९५७च्या ऑक्टोबरात आकाशवाणीला विविध भारती काढावी लागली. एवढ्या मोठ्या सरकारला जे जमलं नाही ते नौपाड्यातल्या दिवाणखान्याला जमेल, असं वाटत असेल तर करा नियम. तुमचे मित्र कासारवडवलीला आपलं सिलोन सुरू करतील, आणि तुमच्याकडे उरतील ती भजी.

नियम हवाच असेल तर दुसरा करा. ज्याची पाळी, त्याच्या हाती यंत्र. लावणार तो, आवाज कमी-जास्त करणार तो, बंदही तोच करणार. यजमानाने त्या वेळात खुर्चीवरून उठायचं नाही, फोन आला तरी. पूर्वी आकाशवाणीवर ‘आपली आवड’ लागायचं ते आठवा. गाण्याआधी फर्माईश करणाऱ्यांची नावं वाचत, कुठकुठच्या गावांची. मग गाणं. निवेदकाला स्वतःला ते आवडतं की नाही, हे आपल्याला कधी कळलं नाही.

आणि वाद घरात न घालता तलावपाळीवर घाला. सगळी गाणी ऐकून झाली की चहा घ्या, चपला घाला आणि मासुंदा तलावाला एक फेरी मारा. चालताना माणसं एकमेकांच्या तोंडाकडे बघून बोलत नाहीत, त्यामुळे शब्द कमी बोचतात. गडकरी रंगायतनपासून निघालात की पुन्हा गडकरीशी येईपर्यंत एका गाण्याचं भांडण सहज होतं. शिवाय कुणी चिडलाच तर तिथे चहा न पिता निघून जायची सोय नाही, पावला-पावलाला चहावाले आहेत.

आता ता. क. खरं तर तुमच्या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची ओळ तीच, आणि तुम्ही ती शेवटी खुपसलीत. चार वर्षं त्याची एलपी तुमच्याकडे आहे आणि त्याने मागितली नाही. तुम्हीही दिली नाहीत. आता तीन शनिवार तो आला नाही म्हणून ती कुरिअरने पाठवता? ती पाकिटातून त्याच्या दारात पडली की त्याचा अर्थ एकच होईल, हिशेब मिटला.

कुरिअर नको. स्वतः जा. फोनवर माफीचं भाषण करू नका, ‘शनिवारी तुझी तबकडी घेऊन येतोय, ते गाणं तुझ्या यंत्रावर ऐकायचंय’ एवढं बोला. ‘कॉम्प्युटरचं म्हणालो ते चुकलं’ हे समोरासमोर सांगा, ते सोपं आहे कारण ते नुसतं माहितीचं चुकलं होतं. ‘बंद केलं ते चुकलं’ हे सांगणं जड जाईल. ते गाणं सुरू व्हायच्या आधी सांगा, नंतर राहून जातं. मग पाच मिनिटं बसा. संपल्यावरही लगेच तोंड उघडू नका. आवडलं नाही तर तसं बेलाशक सांगा, तो तुमचा हक्कच आहे. फक्त कुठल्या जागी नाही आवडलं ते सांगा, आणि ती जागा त्याला पुन्हा लावायला लावा.

दुपारी निघणार असाल तर एक काळजी घ्या. बसमध्ये उन्हाच्या बाजूची खिडकी पकडू नका आणि एलपी मांडीवर आडवी ठेवून तिच्यावर पिशवी ठेवू नका. उभी धरा, छातीशी. उन्हाने ती वाकते, आणि वाकलेल्या तबकडीवर सुई दर फेऱ्याला वर-खाली होत राहते. चार वर्षं सांभाळलीत, आता कापूरबावडीच्या सिग्नलला वाकवू नका.